टोकियोत टॉवेल-टोपी

गेली सव्वीस वर्षं मी सोलापुरात उभा राहून जपान शिकवतो आहे. या काळात अभ्यासक्रम चार वेळा बदलला, जपान पुस्तकातून दोनदा बाहेर गेला आणि एकदा परत आला. मी मात्र कुणाच्याही परिपत्रकावरून जपान सोडला नाही. पुस्तकात न बघता फळ्यावर होन्शू बेट काढणारा माणूस आमच्या शाळेत मी एकटाच आहे. याचं कौतुक शाळेत कुणालाही नाही, हा भाग वेगळा.

गेल्या वर्षी मी असाच फळ्यावर फुजी पर्वताचं टोक काढत असताना नववी 'ब'मधल्या संस्कृती नावाच्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, फुजी तुमी स्वतः बघितलाय का ओ?"

वर्गात शांतता पसरली. आमच्या नववी 'ब'मध्ये शांतता पसरणं ही स्वतःच एक भौगोलिक घटना आहे. मी खडू ठेवला आणि म्हणालो, "पुस्तक उघडा." सव्वीस वर्षांत एका प्रश्नाला दिलेलं हे माझं सर्वांत वाईट उत्तर. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. म्हणजे एकच भाकरी खाल्ली. हे आमच्या सौभाग्यवतींनी, श्रीदेवीनं, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला फोन करून सांगितलं आणि ऋतुजानं टोकियोची तिकिटं काढली. तिकडे राहायचे दिवस चार. "बाबा, तो डोंगर एकदा बघून या आणि नीट जेवायला लागा," असं ती म्हणाली.

माझीही मागणी तेवढीच होती. हवा स्वच्छ असेल तर टोकियोतल्या उंच मनोऱ्यावरून फुजी दिसतो. चार दिवसांत एकदा वर जायचं, बघायचं, खाली यायचं. यात अडचण येण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

व्हिसाच्या अर्जाबरोबर रोज कुठे जाणार याचा तक्ता द्यावा लागतो. मी तो पाठ टाचणासारखा केला. उद्दिष्टे, साधने, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास. एजंट विरेशनं तो तीन वेळा परत पाठवला. "सर, ह्यात मधली सुट्टी दाखवलीय तुमी. मधल्या सुट्टीत कुटं असणार ते लिवलेलं न्हाय." मी "डबा खाणार" असं लिहिलं. चौथ्यांदा त्यानं सगळं खोडून प्रत्येक दिवसासमोर 'टोकियो दर्शन' असं लिहिलं आणि व्हिसा आला. ते टाचण मात्र पुढच्या पिढ्यांसाठी मी जपून ठेवलं आहे.

खालच्या मजल्यावरचे जोतीराम काका कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते जपानबद्दल माझ्याशी समान पातळीवरून बोलतात. "सर, तितं भूकंप लई. पलंगावर झोपू नका. खाली झोपा, म्हंजी पडायला जागाच न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् गाड्या येळेवर सुटत्यात म्हणं. म्हंजी आपली चुकणार. कुटं बी जायचं आसंल तर आदल्या गाडीनं जावा." मी विचारलं, आदली गाडीसुद्धा वेळेवर सुटली तर? काकांनी चष्मा काढून पुसला. रेल्वेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला अशी शक्यता कुणी दाखवली नव्हती.

हे सगळं निभावलं असतं. पण निघण्याच्या आदल्या दिवशी माझा मेहुणा आला. रुद्रप्पाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मोटारसायकलवरून त्यानं एक गठ्ठा उतरवला आणि दारातूनच हाक दिली, "अक्का, बारा टॉवेल, बारा टोप्या, दोन चादरी. मोजून घे."

"कशाला?" मी विचारलं.

"कशाला म्हंजे काय दाजी? परक्याच्या गावाला चाललाय. कुणी पाणी पाजलं, कुणी चहा पाजला, तर काय नुसतं हात जोडून येणार?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे माणसाला मान द्यायचा म्हणजे टॉवेल-टोपी द्यायची. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईची ओटी. हा आहेर जोडीनं घ्यायचा, पूर्वेकडे तोंड करून बसायचं, आणि मुख्य म्हणजे घेतलेला आहेर अंगावर ठेवायचा नाही, परत करायचा. आमच्या सासरवाडीत 'त्यांनी घेतला आणि केला नाही' हे वाक्य एका घराण्याबद्दल अठ्ठेचाळीस वर्षं बोललं जात आहे. त्या घरातला घेणारा माणूस केव्हाच वारला. वाक्य चांगलं खणखणीत आहे.

टोकियोच्या विमानतळावर पांढरे हातमोजे घातलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं आमची बॅग उघडली आणि टॉवेल बघून फोन पुढे केला. त्या फोनमध्ये तो जपानी बोलायचा आणि फोन मराठी बोलायचा.

"हे विक्रीसाठी आहेत का?"

"नाही."

"स्वतःच्या वापरासाठी?"

"नाही. द्यायला आहेत."

"कोणाला?"

मी खरं ते सांगितलं. "ते अजून माहीत नाही. भेटतील."

त्यानं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी एक फॉर्म आणला. ज्याला वस्तू द्यायची त्याचं नाव लिहायची त्यात जागा होती. मी तिथे 'यथायोग्य' असं लिहिलं. अर्ध्या तासानं आम्हाला सोडलं, बहुधा कंटाळून. एवढा त्रास दिला म्हणून श्रीदेवीनं त्या तरुणाला एक टॉवेल देऊ केला. त्यानं कमरेत वाकून नकार दिला. पुढच्या चार दिवसांत मला भेटलेला, आहेर नाकारणारा तो एकमेव जपानी माणूस. त्याची आठवण मी आजही आदरानं काढतो.

ऋतुजानं असाकुसा भागातल्या एका गल्लीत चार खोल्यांच्या छोट्या पाहुणेघरात आमची सोय केली होती. चालवणारं जोडपं सत्तरीतलं, होशिनो आडनावाचं. त्यांनी चपला काढायला लावल्या, खाली बसवलं, चहा दिला. श्रीदेवी म्हणाली, "आपल्यातलीच वाटत्यात की ओ." तेवढ्यात होशिनोबाईंनी दोन्ही हातांनी कागदात गुंडाळलेली एक घडी आमच्यापुढे ठेवली. त्यांचा फोन म्हणाला, "ही अत्यंत क्षुल्लक वस्तू आहे. कृपया स्वीकारावी."

श्रीदेवीनं कागद उघडला. आत निळ्या नक्षीचा सुती पंचा होता. तिनं तो अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळला. शेवटी ती टॉवेलवाल्याची बहीण. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर मला अठ्ठेचाळीस वर्षांचा इतिहास दिसला.

"अहो, हा टॉवेलच की! ह्यांनी आपल्याला आहेर केला."

"अगं, ही त्यांची पद्धत असेल पाहुण्यांना द्यायची."

"मग आपली काय पद्धत न्हाय? पूर्व कुटं हाय हितं? सांगा की, भूगोलाचे सर हाय न्हवं?"

मी खिडकीतून सूर्य पाहिला, हिशेब केला आणि पूर्व दाखवली. माझ्या सव्वीस वर्षांच्या ज्ञानाचा जपान देशाला झालेला हा पहिला उपयोग. होशिनो दांपत्याला तिकडे तोंड करून बसवलं. बाईंना कुंकू लावून खोबऱ्याची वाटी आणि खण घालून ओटी भरली. होशिनोंच्या खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर पांढरी टोपी चढवली. टोपी त्यांना इतकी छान बसली की क्षणभर ते वळसंगच्या सोसायटीचे चेअरमन वाटले. दोघांनी जमिनीला कपाळ टेकवलं. आम्हीही टेकवलं. प्रसंग संपला असं समजून मी दुसऱ्या दिवशी मनोऱ्यावर जायचे बूट दाराशी काढून ठेवले.

सकाळी बूट घालायला गेलो तर दाराशी होशिनोबाई बसल्या होत्या. हातात रेशमी कापडात बांधलेला डबा. फोन म्हणाला, "कालच्या अनमोल वस्तूंबद्दल ही अत्यंत क्षुल्लक परतफेड." डब्यात मिठाया होत्या, आणि मिठाईच्या आत लाल घेवड्याचं गोड पुरण. श्रीदेवी एक घास खाऊन गंभीर झाली. "पुरण घातलंय ओ. पुरणाचं द्यायचं म्हंजे साधी गोष्ट न्हाय."

जपानमध्येही मिळालेल्या भेटीची परतफेड करतात, हे मला पुस्तकात कुठेही आढळलं नव्हतं. जपानच्या धड्यात भात आहे, मासेमारी आहे, रेशीम आहे, भूकंप आहे. पण या देशात आपल्याइतकाच हट्टी माणूस राहतो, हे एका ओळीत सांगायला कुणाला काय झालं होतं?

मिठाईच्या बदल्यात कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी गेली. दुपारी त्या बदल्यात चहाचे दोन कप आले. कपांच्या बदल्यात पहिली चादर गेली. चादरीच्या बदल्यात संध्याकाळी होशिनोबाईंची समोर राहणारी बहीण एक फुलदाणी घेऊन आली. म्हणजे आघाडी आता गल्लीभर पसरली. बहिणीची ओटी, तिच्या नवऱ्याला टॉवेल-टोपी. चादर उचलून न्यायला मदत केली म्हणून कोपऱ्यावरच्या टोफूवाल्याला टॉवेल-टोपी. टोफूवाल्यानं दोन किलो टोफू आणून दिला. त्याचं काय करायचं असतं, हे श्रीदेवीला माहीत नव्हतं, म्हणून तिनं त्याला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि वाटीभर वाटीभर सगळ्या गल्लीला पोचवला. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नसते, हा नियमही जपानात आहे. रात्रीपर्यंत आमच्या खोलीत अकरा भरलेल्या वाट्या जमल्या.

दुसरा दिवस असा गेला. मी मध्ये मध्ये बूट घालत होतो आणि काढत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत सात पुरुष पांढऱ्या टोप्या घालून आपापल्या दारासमोर झाडत होते. आहेराची वस्तू दुसऱ्या दिवशी वापरून दाखवणं हा तिथला शिष्टाचार असावा. तेवढ्यात झेंडा घेतलेली एक गाइडबाई परदेशी पर्यटकांचा घोळका घेऊन शिरली. टोप्या पाहून ती थबकली, पण अनुभवी होती. तिनं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की ही या वस्तीची फार जुनी परंपरा आहे. घोळक्यानं फोटो काढले. आणखी दोन घोळके आले. मीही टोपी घातलेली होती, कारण श्रीदेवीच्या मते यजमानानं बोडकं राहणं बरं दिसत नाही. टोकियो बघायला आलेल्या किमान शंभर लोकांनी त्या सकाळी मला बघितलं. टोकियोत प्रेक्षणीय स्थळ होण्याचा मान आमच्या शाळेत अजून दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. मी मात्र काहीच बघितलं नव्हतं.

गर्दी पाहून कोपऱ्यावरच्या चौकीतला पोलीस आला. ही मिरवणूक आहे काय? मिरवणूक असेल तर परवानगी कुठे आहे? मिरवणूक नसेल तर गणवेश का आहे? मी म्हणालो, हा आहेर आहे. त्यानं आपल्याजवळच्या फॉर्ममध्ये शोधलं. 'मिरवणूक', 'चित्रीकरण', 'रस्त्याचं काम' असे तीनच रकाने होते. त्यानं बराच विचार करून 'रस्त्याचं काम'वर खूण केली आणि सुरक्षेसाठी आमच्या दारासमोर लाल रंगाचे दोन शंकू ठेवले. श्रीदेवी त्याच्यासाठी टॉवेल-टोपी घेऊन बाहेर आली आणि अडखळली. त्याच्या डोक्यावर आधीच टोपी होती. तिनं नुसता टॉवेल दिला. त्यानं शंकू नेताना बिस्किटं आणली, हे वेगळं सांगायला नको.

या गडबडीत मी मागच्या दारानं सटकलो. होय, सटकलो. सन्मान्य शिक्षक म्हणून हा शब्द मला शोभत नाही, पण दुसरा शब्द नाही. आगगाडीनं मनोऱ्यापाशी गेलो, तिकीट काढलं, लिफ्टच्या रांगेत उभा राहिलो. आकाश असं निरभ्र की रांगेतले लोक वर बघून हसत होते. माझ्यापुढे फक्त एक कुटुंब उरलं होतं. फोन वाजला.

"कुटं हाय तुमी?"

"इथंच, जरा..."

"होशिनोबाईंच्या सासूबाई आल्यात. एक्क्याण्णव वर्षांच्या. दोन गाड्या बदलून आल्यात, हातात भलं मोठं काहीतरी हाय. जोडीनं घ्यायचं हाय. या."

"श्रीदेवी, मी लिफ्टच्या दारात आहे. वीस मिनिटं दे. फुजी बघतो आणि येतो."

"फुजी काय पळून चाललाय का? हजारो वर्षं हाय की तितं. आजींचं तसं न्हाय."

या युक्तिवादाला भूगोलात उत्तर नाही. लिफ्टचं दार उघडलं. मी मागच्या माणसाला वाट दिली. त्यानं वाट दिल्याबद्दल खिशातून एक गोळी काढून मला दिली. मी पळत सुटलो.

आजींनी स्वतः विणलेलं, हातभर रुंद आणि खोलीभर लांब रेशमी वस्त्र आणलं होतं. श्रीदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे आता दोन टॉवेल, दोन टोप्या आणि एक चादर एवढंच शिल्लक होतं. तिनं आजींची ओटी भरली आणि स्वतःचं बॅगेतलं इरकली लुगडं काढून दिलं. मग सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला.

"रुद्रप्पा, माल संपत आला रे."

रुद्रप्पा मागाच्या खडखडाटातून ओरडला, "अक्का, मागं हटू नको! किती पाठवू? दाजी, पत्ता सांगा, आजच पार्सल टाकतो!"

"उद्या निघायचं आहे आमचं," मी म्हणालो.

"मग एकच करा. शेवटचा आहेर आपला झाला पायजे. तेंच्या हातात काय यायच्या आत निघायचं. सोलापूरची इज्जत हाय दाजी."

माझी इज्जत नववी 'ब'मध्ये टांगलेली होती, पण तिच्याविषयी या कॉलवर कुणीच काही बोललं नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला, ठरल्या वेळेच्या दोन तास आधी, आम्ही बूट हातात घेऊन जिना उतरलो. उरलेली चादर घडी करून होशिनोंच्या उंबऱ्यावर ठेवली. त्यावर एक टॉवेल, टॉवेलवर टोपी. चोर घरातून वस्तू घेऊन पळतात. आम्ही ठेवून पळालो. गल्ली ओलांडून विमानतळाच्या बसच्या थांब्यावर पोचलो तेव्हा श्रीदेवीनं पहिल्यांदा श्वास सोडला. "झालं बाई. आपला शेवटचा."

बस आली. आम्ही चढलो, बसलो. सुटायला पंधरा सेकंद असताना थांब्यामागच्या झाडाआडून होशिनो दांपत्य बाहेर आलं. ते आमच्या आधीच येऊन उभे होते. होशिनोबाई पायरी चढल्या, श्रीदेवीच्या मांडीवर एक गाठोडं ठेवलं, वाकल्या, उतरल्या. दार मिटलं. बस सेकंदावर सुटली. पंधरा सेकंदांत आहेर फिरवण्याची सोय आमच्या परंपरेत नाही. खिडकीतून दिसलं, ते दोघं टोप्या घालून वाकलेले होते आणि बस वळेपर्यंत वाकलेलेच राहिले.

श्रीदेवी विमानतळापर्यंत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहिली. तिनं ते उघडलंही नाही.

मला अजून एक आशा होती. टोकियोहून दिल्लीला येताना फुजी उजव्या हाताला पडतो. हे मला तीन महिने आधीपासून माहीत होतं, पण उजवीकडची खिडकी एका वयस्कर जपानी गृहस्थांना मिळाली होती. आम्ही मधल्या आणि कडेच्या जागेवर. मी धीर करून मासिकातलं फुजीचं चित्र त्यांना दाखवलं, स्वतःकडे बोट केलं आणि डोळ्यांकडे बोट केलं. यापेक्षा जास्त लाचार मी आयुष्यात झालेलो नाही. गृहस्थ समजले. उठले. मला खिडकी दिली आणि स्वतः कडेला जाऊन बसले.

विमान उडालं. सगळीकडे ढग होते, पण वर निळं होतं. मी काचेला नाक लावलं. तेवढ्यात कोपर लागलं.

"अहो. म्हाताऱ्या माणसानं जागा दिली."

"श्रीदेवी, नको."

"सकाळी एकदा घेऊन बसलोय तेवढं साकु, पुरे झालं. तिकडचं आता फिटत न्हाय, हे तरी फेडू दे." तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून शेवटचा टॉवेल आणि शेवटची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी त्या गृहस्थांना दिली. त्यांनी टोपी घातली. टॉवेल खांद्यावर घेतला. पट्टा बांधलेला असूनही जमेल तितके वाकले. मग त्यांनी आपल्या सीटखाली हात घातला आणि बॅग ओढू लागले.

श्रीदेवीनं माझं मनगट धरलं. आमच्याकडे आता द्यायला काहीही उरलं नव्हतं.

"अहो, झोपल्यासारखं करा."

आम्ही डोळे मिटले. बॅगेची चेन उघडली. कागद वाजला. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. शेजारी कुणीतरी अतिशय आदरानं वाट पाहत असल्याची ती शांतता होती. आणि त्या शांततेत वैमानिकाचा आवाज आला. आधी जपानीत, मग इंग्रजीत. ढग बाजूला झाले असून उजव्या बाजूच्या प्रवाशांना या क्षणी फुजी पर्वत पायथ्यापासून शिखरापर्यंत स्वच्छ दिसतो आहे.

विमानभर "ओऽऽ" झालं. डावीकडचे लोक उठून उजवीकडे आले. माझ्या डोक्यावरून कुणीतरी फोटो काढला. मी मान हळूच खिडकीकडे वळवली, झोपेत वळते तशी.

"उघडू नका," श्रीदेवी ओठ न हलवता म्हणाली. "काचेत डोळे दिसतील त्यांना."

"अजून बघतायत का ते?"

"दोन्ही हातांनी धरून बसलेत."

"एकच डोळा, श्रीदेवी. अर्धा."

"सोलापूरची इज्जत हाय," ती म्हणाली.

मी घोरायला सुरुवात केली.